नेरुळच्या सरांची पाम बीचवरची मॅरेथॉन बॅच : एक पूर्ण सीझन केल्यावरचा रिव्ह्यू

सीवूड्स, नेरुळ, बेलापूर साईडच्या बऱ्याच जणींनी विचारलं की फुल मॅरेथॉनचं ट्रेनिंग कुठे घेतलंस, अ‍ॅपवर केलंस की कोच लावलास, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी सरांच्या बॅचला जाते. बॅचला नाव नाहीये, छापील टी-शर्ट नाहीत, इन्स्टा पेज नाही, सगळे नुसतं 'सरांची बॅच' म्हणतात. सर आधी शाळेत पीटी शिकवायचे, आता रिटायर आहेत, राहतात नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याला लागून असलेल्या एका गावठाणात. फी महिन्याला दीड हजार, ज्यांना तेवढी जमत नाही ते जमेल तेवढी देतात, आणि कोण किती देतं हे सर आणि त्यांच्या मिसेस सोडून कोणालाच माहीत नसतं. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्या हिशोबाने बॅच ऑगस्टमध्ये सुरू होते.

आधी ट्रेनिंगचं सांगते कारण बहुतेकींना तेच हवंय. मला स्वतःला जे सांगायचंय ते त्याच्या मागोमाग येतंच.

आठवड्याला चार दिवस पळायचं. मंगळवारी ज्वेल ऑफ नवी मुंबईला तलावाभोवती इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून), गुरुवारी बेलापूरच्या पारसिक हिलचा चढ, शनिवारी अगदी हळू सहा-सात किलोमीटर आणि रविवारी पाम बीचवर लाँग रन. वाशी ते बेलापूर साधारण दहा किलोमीटरचा पट्टा, म्हणजे जाऊन-येऊन अंतर भरतं. ऑगस्टमध्ये लाँग रन बारा-चौदाने सुरू होतो, तीन आठवडे वाढवत नेतात, चौथ्या आठवड्याला मुद्दाम खाली आणतात, असं करत डिसेंबरच्या मध्याला ३२ वर जाऊन थांबतो. मॅरेथॉनचे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर ट्रेनिंगमध्ये एकदाही पळवत नाहीत. हे ऐकून नवीन लोक घाबरतात की मग वरचे दहा कसे होणार, पण ३२ च्या पुढे पळून फिटनेस फारसा वाढत नाही आणि शरीर भरून यायला मात्र आठवडे जातात, त्यामुळे सरांचं बरोबर आहे असं माझं मत. अंगात साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा, बहुतेकांना तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंतच पुरतं, नंतर पायात शिसं ओतल्यासारखं होतं, म्हणून पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात जायलाच हवेत, आणि ते पचवायची सवय लाँग रनलाच लावून घेतात. रनरसाठी मिळणारं एनर्जी जेल परवडत नसेल तर खजूर, गूळ-शेंगदाण्याचे छोटे लाडू, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, सगळं चालतं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं असतं, हे पहिल्याच आठवड्यात समजावतात. आपल्याकडच्या दमट हवेत हे जास्तच महत्त्वाचं, ऑक्टोबरमध्ये पहाटे साडेपाचलाही टी-शर्ट पिळून काढता येतो.

सगळ्यात जास्त भर हळू पळण्यावर. आठवड्यातलं बहुतेक पळणं इतकं हळू हवं की बोलता आलं पाहिजे. मनगटावरच्या घड्याळाचं ते ऐकतच नाहीत, शेजारी सायकल घेऊन येतात आणि म्हणतात, ताई, तुम्हाला जे पाठ असेल ते म्हणून दाखवा. कोणी कविता म्हणतं, कोणी पाढे, एक भाई आहेत ते दुआ म्हणतात, मी अभंग म्हणते. मध्ये श्वास तुटला की सर म्हणतात, स्पीड कमी करा. सुरुवातीला मला हे लाजल्यासारखं व्हायचं, भर रस्त्यात अभंग, पण महिन्याभरात असं झालं की मला ते म्हणायला सांगावं लागेना. राम कृष्ण हरी पावलांवर बसतं. किती किलोमीटर राहिलेत हे डोक्यात येतच नाही त्या वेळात, आणि मी सांगते ते खरं सांगते, देवघरासमोर बसून माझं मन जेवढं लागत नाही तेवढं ते पहाटेच्या अंधारात चाणक्य सिग्नल ते किल्ला जंक्शन ह्या पट्ट्यात लागतं.

आमचं घराणं वारकरी. वडील आळंदीहून पंढरपूरला पायी जायचे, साधारण अडीचशे किलोमीटर, पुण्याहून सासवडचा दिवे घाटाचा टप्पा त्यातला सगळ्यात कठीण, आणि पायात साधी रबरी चप्पल. माझ्या डोक्यात मॅरेथॉन म्हणजे त्याच्या बरोबर उलटं काहीतरी होतं, घड्याळ, नंबर, मेडल, मी पुढे तू मागे. ह्या बॅचने माझं ते मत बदललं, आणि ते बोलून नाही, एका नियमाने बदललं. नियम असा की शेवटचा माणूस आल्याशिवाय पाण्याचं पिंप उचलायचं नाही.

हे नीट सांगते. लाँग रनला सर बाटल्या आणू देत नाहीत. तीन ठिकाणी स्टीलचं पिंप, सात-आठ स्टीलचे पेले, एक बादली विसळायला, आणि एका डब्यात मीठ-साखर. प्रत्येक ठिकाणी आमच्यातलाच एक जण उभा राहतो, आळीपाळीने. म्हणजे ज्याची ड्युटी त्याचा त्या रविवारचा लाँग रन गेला. फी देऊन आम्ही पाणी का वाटायचं अशी तक्रार दरवर्षी कोणीतरी करतं, माझ्या मनातही आलं होतं, कारण माझा अठ्ठावीस किलोमीटरचा रविवारच ड्युटीत गेला. पण तिथे चार तास उभं राहिलं की जे दिसतं ते पळताना दिसत नाही. पुढचे तेजतर्रार लोक येतात, घटाघट पितात, जातात. मग अर्धा तास कोणीच नाही. मग मागून ते लोक येतात ज्यांचं वजन जास्त आहे, ज्यांचं बाळंतपण होऊन वर्ष झालंय, ज्यांची शुगर आहे, साठी ओलांडलेले एक काका आहेत ते, आणि ते सगळे दुरूनच बघत येतात की पिंप आहे का अजून. ते असतं. मोठ्या रेसमध्ये मी बघितलंय, मागच्यांपर्यंत पाणी संपलेलं असतं, टेबलं आवरत असतात, आणि खरंतर सगळ्यात जास्त वेळ उन्हात तेच असतात.

आता तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू इतका लांब लिहितेय.

ऑक्टोबर हीटमधला एक रविवार. पिंपावर माझी ड्युटी होती. रस्ता झाडणाऱ्या दोन ताई रोज त्याच पट्ट्यात असतात, कंत्राटी आहेत, हिरवं जाकीट, डोक्याला रुमाल, त्या पाणी प्यायला आल्या. सरांनी पहिल्यापासून सांगितलेलं आहे की पिंप रस्त्यावर आहे तर ते रस्त्यावरच्या सगळ्यांचं आहे. एकीने पेला भरून घेतला, प्यायली, बादलीत नीट विसळला, उलटा ठेवला. तेवढ्यात आमच्यातले एक गृहस्थ वीसेक किलोमीटर करून आले. शिकलेले, चांगल्या हुद्द्यावर, बोलायला गोड. त्यांनी ते बघितलं आणि मला म्हणाले, मॅडम, ह्यांच्यासाठी वेगळे दोन पेले ठेवू या ना, हायजीनच्या दृष्टीने. आणि हे म्हणताना त्यांनी शेजारचा पेला उचलला, जो मिनिटभरापूर्वी दुसऱ्या एका रनरने तोंड लावून तसाच ठेवला होता, आणि तो न विसळता भरून प्यायले. ताईला ऐकू गेलं होतं. तिने झाडू उचलला, दुसरीला खुणेने चल म्हणाली आणि दोघी पुढे गेल्या.

मी तिथल्या तिथे बोलले, की दादा तुम्ही आत्ता जो पेला घेतलात तो विसळलेला नव्हता, त्यांनी ठेवलेला विसळलेला आहे. ते हसून गेले पुढे. सर सायकलवर आल्यावर त्यांना सांगितलं. सर काही ओरडले नाहीत. सगळे परत आल्यावर स्ट्रेचिंगला गोल करून बसतात, तेव्हा कोणाचं नाव न घेता एवढंच म्हणाले की पिंपातलं पाणी एकच राहणार, ज्यांना वेगळा पेला पाहिजे त्यांनी घरून आणावा, स्वतःसाठी. आणि पुढच्या रविवारी ड्युटीला त्या गृहस्थांचं नाव लावलं. ते आले नाहीत. बरेच रविवार आले नाहीत, डिसेंबरमध्ये परत यायला लागले, ड्युटी केली, येणाऱ्या प्रत्येकाला पेला भरून हातात दिला. त्यांच्या मनात काय बदललं ते त्यांनाच माहीत, मी त्यावर काही बोलणार नाही. त्या ताई मात्र दिवाळीपर्यंत पाण्याला आल्या नाहीत. सरांच्या मिसेस दोनदा जाऊन त्यांच्याशी बोलत बसल्या तेव्हा कुठे यायला लागल्या.

मी घरी जाऊन तो दिवस सुन्न होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायले, ते आपण शाळेत एका ओळीत शिकतो. पण सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलमध्ये १९२३ लाच झाला होता, महाड नगरपालिकेने त्यानंतर तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता, कागदावर सगळं होतं. प्रत्यक्ष पाणी प्यायल्यावर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, आणि तळं सगळ्यांना खुलं असल्याचा हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे नियम असणं आणि पेला हातात येणं ह्यात किती वर्षं जातात बघा. आणि इथे जवळजवळ शंभर वर्षांनी, पाम बीचवर, जिथे बाजूने एवढ्या महागड्या गाड्या जातात, तिथे 'हायजीन' हा शब्द वापरून तीच गोष्ट पुन्हा मागितली जाते आणि मागणाऱ्याला आपण काही वेगळं बोललो असं वाटतही नाही.

आणि मला जास्त लागलं ते माझ्या स्वतःच्या घरच्या भक्तीपाशी येऊन. पंढरपुरात महाद्वारासमोर नामदेव पायरी आहे, तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. लहानपणापासून तिथे डोकं टेकवलंय. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून हा माणूस गेला, आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेतलं आणि आयुष्यभर देवळाच्या बाहेर. त्यानंतर सहाशे वर्षं ते दार त्याच्या लोकांना बंदच होतं, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपास केला तेव्हा उघडलं. ह्या सहाशे वर्षांत वारी दरवर्षी जात होती, माझे पणजोबा-खापरपणजोबा जात असतील, अभंग म्हणत असतील, चोखोबांचेही म्हणत असतील. माझी श्रद्धा ह्याने कमी झालेली नाही, मी अजून माळ घालते, एकादशी करते. पण नाम घेत घेत पळणारीने पिंपावर कोणाचा पेला कुठे ठेवला जातो इकडे लक्ष ठेवायलाच हवं, ते नसेल तर माझ्या नामाला काही अर्थ नाही, इतकं मला स्पष्ट वाटतं, आणि हे मला कोणत्या कीर्तनाने नाही तर रनिंगच्या बॅचने दिलं.

श्रद्धेचा विषय निघालाच आहे तर प्रॅक्टिकल गोष्ट, कारण ह्यावर मला सगळ्यात जास्त मेसेज येतात. एकादशी रविवारी आली तर लाँग रनचं काय? सर उपास सोडा असं कधीच म्हणत नाहीत. निर्जळ असेल तर पळू देत नाहीत, विषय संपला. फराळाचा उपास असेल तर आदल्या संध्याकाळी व्यवस्थित जेवायचं, पहाटे रताळं किंवा केळं, पळताना खजूर आणि राजगिऱ्याची वडी, आल्यावर साबुदाण्याची खिचडी आणि दही, आणि अंतर पंधराच्या आत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्चच, त्यामुळे रनरला उलट बराच आहे, दाणे आणि दह्याने थोडं प्रोटीन भरून निघतं. ओआरएस चालतं का हा प्रश्न मी आईला विचारला, ती म्हणाली ते औषध आहे, घे. आमच्या भाईंसाठी रमजानमध्ये सर पळायची वेळच बदलतात. रोज्यात पहाटे पळून मग दिवसभर पाणी नाही हे शरीराला वाईट, म्हणून संध्याकाळी हळू पाच-सहा किलोमीटर, इफ्तारच्या थोडंसं आधी संपेल असं, म्हणजे लगेच खजूर आणि पाणी. आणि त्या महिन्यात आमच्यातले चार-पाच जण तरी त्यांच्यासोबत संध्याकाळी जातात, एकटं पळू द्यायचं नाही म्हणून. वाशीची एक मुलगी आहे तिला रविवारी चर्चमध्ये मास, म्हणजे प्रार्थना, असते, ती आमच्याआधी सुरू करून वेळेवर निघते. तिनेच एरिक लिडेलचं सांगितलं, १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला शंभर मीटरची पहिली फेरी रविवारी होती म्हणून तो पळलाच नाही, आणि मग चारशेला गोल्ड घेतलं.

स्ट्रेचिंगच्या वेळी असल्या गोष्टी भरपूर होतात, मला बॅचचा हा भाग फार आवडतो. सरांच्या तोंडून पहिल्यांदा मी बेळगावच्या फडेप्पा चौगुलेंचं नाव ऐकलं, १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले होते. शूजची चर्चा निघाली की सर १९६० चं रोम ऑलिम्पिक सांगतात, अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी पळून जिंकला, तोही त्या इटलीच्या राजधानीत ज्यांनी त्याच्या इथिओपियावर कब्जा केला होता, आणि रस्त्यात तो अक्सुमचा स्तंभ उभा होता जो इटलीने त्याच्याच देशातून उचलून नेला होता. स्तंभ परत जायला २००५ उजाडलं. हे सांगून सर लगेच म्हणतात की तुम्ही अनवाणी पळू नका, तुमचे पाय ऑफिसमधले आहेत. शूजबद्दल त्यांचं म्हणणं सरळ आहे, महागडे कार्बन प्लेटवाले नकोत, पायाला आरामात बसतील असे साधे रोजचे घ्या, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा, आणि पाच-सातशे किलोमीटर झाले की बदला. बदललेले पण अजून बरे असलेले शूज धुवून आणायचे, गावठाणातली पोरं पळतात त्यांना मिळतात, पण सर ते थेट देत नाहीत, पोरगं स्वतः येऊन साईज बघून निवडतं. कोणी कोणाला दिले हे दिसत नाही.

बायकांसाठी वेगळं लिहिते. पहाटे पाचला अंधार असतो, आणि पाम बीचवर गाड्या सुसाट असतात. बॅचमध्ये बायकांचे दोन ग्रुप पाडलेत, दोघी-तिघी सोबत, रिफ्लेक्टरचं जाकीट कंपल्सरी. माझ्यासाठी मोठा प्रश्न होता टॉयलेट. तीन-चार तास रस्त्यावर, पुरुषांना चिंता नसते, आम्ही पाणीच कमी पितो, आणि मग डोकं दुखतं, युरिन इन्फेक्शन होतं, सगळ्याजणींना हे माहितीये पण बोलत कोणी नाही. सरांच्या मिसेसनी गावठाणातल्या तीन घरांशी बोलून ठेवलंय, रविवारी पहाटे त्यांच्या अंगणातला दिवा लावलेला असतो, बाथरूम वापरायचं. एका घरातल्या काकू तर दारातच बसलेल्या असतात, आत जाताना विचारतात कुठवर जायचंय अजून, आणि बाहेर येईपर्यंत हातावर गुळाचा खडा. बोस्टन मॅरेथॉनला १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झरला रस्त्यातच अडवून ओढायला गेले होते कारण बायकांनी एवढं पळायचं नसतं, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ ला. आता आम्हाला कोणी अडवत नाही, पण चार तासांच्या रस्त्यात टॉयलेट नसेल तर अडवल्यासारखंच आहे. हे काम खरंतर काकूंचं नाही. सार्वजनिक सोय पाहिजे, उघडी, स्वच्छ, पहाटे चालू, आणि ती रस्ता झाडणाऱ्या ताईंनाही तितकीच लागते, त्या तर रोज तिथे आहेत.

आता काय कमी आहे ते. स्ट्रेंथ ट्रेनिंग पुरेसं नाही, आठवड्यातून एकदा अर्धा तास स्क्वॅट आणि काफ रेझ करून घेतात, पण पस्तिशीच्या पुढच्या बायकांना ते दोनदा तरी हवं. मला नोव्हेंबरमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, फिजिओकडे गेल्यावर कळलं की कंबरेचे स्नायू कमजोर आहेत. पारसिक हिल सकाळी छान पण उतरताना बॅचने जास्त हळू उतरवायला हवं, नवीन लोक उतारावर सुटतात आणि दुसऱ्या दिवशी नडगी धरून बसतात. ज्यांना चार तासाच्या आत पळायचंय त्यांच्यासाठी वेगळा प्लॅन नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सर दोन-दोन दिवस उत्तर देत नाहीत.

आणि टेपरचा शेवटचा आठवडा. रेसच्या आधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणतात त्याला टेपर म्हणतात, पाय हलके होतात पण डोकं जड होतं, नको नको त्या शंका येतात, आणि नेमकं तेव्हा सर दोन दिवस नव्हते. ग्रुपवर बऱ्याच जणांनी नाराजी लिहिली, फी घेता आणि ऐन वेळी गायब. ही तक्रार मला मान्य आहे, त्या दोन दिवसांसाठी कोणा सीनियर रनरला नेमून ठेवायला हवं होतं. पण सर कुठे जातात तेही कळायला हवं. १६ आणि १७ जानेवारीला ते उरणजवळच्या जासई गावाला असतात. १९८४ साली ह्याच दोन तारखांना, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन चालू होतं तेव्हा उरणमध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. सरांच्या घरातली तरुण पोरं तेव्हा त्या गर्दीत होती. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली ती ह्या लढ्यामुळे. नवी मुंबई उभी राहिली ती ९५ गावांच्या जमिनीवर, शेती, मिठागरं, खाडीची मासेमारी. मी गेली कित्येक वर्षं ह्या शहरात राहते, सारसोळे, करावे, दारावे ही माझ्यासाठी बस स्टॉपची नावं होती. मॅरेथॉनचा रविवार नेहमी त्या दोन तारखांच्या आसपासच येतो. रजिस्ट्रेशनच्या वेळी सर एकदाच म्हणाले होते, की तुम्ही ज्याला निसर्गरम्य रनिंग रूट म्हणता ना ताई, तिथे आम्ही जाळी लावायचो. रागाने नाही म्हणाले. त्यानंतर खारफुटीच्या बाजूने पळताना मी तिकडे नुसतं व्ह्यू म्हणून बघू शकत नाही.

एक गोष्ट मला सरांची पूर्ण पटलेली नाही ती पण लिहिते. मोठ्या मॅरेथॉनमध्ये बरेच जण संस्थांसाठी निधी गोळा करत पळतात, सर त्याबद्दल कोरडे असतात. त्यांचं म्हणणं, दान देणारा वर राहतो आणि घेणारा खाली, त्यापेक्षा कंत्राटी कामगाराला पूर्ण पगार, पीएफ आणि बूट मिळावेत म्हणून पत्रावर सही करा. मी सही केली, बॅचमधल्या निम्म्याहून जास्त लोकांनी केली. पण मी निधीही गोळा केला, एका मुलींच्या वसतिगृहासाठी, कारण सहीचा परिणाम व्हायला वर्षं जातील आणि त्या मुलींची फी ह्या जूनमध्ये भरायचीये. दोन्ही करायला हवं असं मला वाटतं. सरांशी ह्यावर माझा वाद चालू आहे, पारसिक चढताना सुद्धा.

रेसचं थोडक्यात. मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वे जादा लोकल सोडते, त्यामुळे सीएसएमटीला पोचायचा प्रश्न आला नाही. सुरुवातीला सगळे धावत सुटतात, आपण सुटायचं नाही हे अंगात इतकं भिनलं होतं की पहिले पंधरा किलोमीटर मी अक्षरशः सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. परतीचा पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटरच्या पुढे येतो, पाय संपलेले असतात, ऊन वर आलेलं असतं, तिथे पारसिकचे गुरुवार कामाला आले. मी चालले तिथे, सरांनी सांगितलं होतं तसंच, आणि वर आल्यावर परत पळायला लागले. बाजूला एक अनोळखी आजोबा होते, त्यांच्याही तोंडात नाम होतं, माऊली म्हणाले, मी माऊली म्हटलं, मरीन ड्राइव्हपर्यंत आम्ही सोबत होतो. रस्त्यावर बाटल्यांचा खच पडलेला होता आणि कडेला तेच हिरवं जाकीट घालून बायका पोती घेऊन उभ्या होत्या, आम्ही संपायची वाट बघत. मी माझी बाटली पोत्यात नेऊन टाकली, तेवढ्याने काही होत नाही हे मलाही कळतं. टायमिंग पाच तासांच्या थोडंसं पुढे. दुखापत नाही, उलटी नाही, तिसऱ्या दिवशी ऑफिसचे जिने नीट उतरले.

कोणी यावं : पहिल्यांदा फुल करणारे, हाफवरून वर जाणारे, चाळिशीच्या पुढचे, ज्यांना एकट्याने पळायला भीती वाटते अशा बायका, वजन जास्त आहे म्हणून दुसरीकडे ज्यांना मागे सोडून दिलं गेलंय ते सगळे. ज्यांना फक्त टायमिंग सुधारायचंय त्यांनी दुसरा कोच बघावा, सर स्वतःच तसं सांगतात. शुगर, बीपी असेल तर डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय घेत नाहीत. ऑनलाईन फॉर्म वगैरे काही नाही, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पाचच्या आधी ज्वेलच्या गेटपाशी यायचं, सर सायकल घेऊन उभे असतात. पहिल्या दिवशी तीन किलोमीटर चालवतात फक्त, त्यामुळे नवीन शूज घेऊन येऊ नका, आधी या, ते पाय बघून सांगतात. आणि पहिल्या महिन्यात पाण्याची एक ड्युटी येणारच, त्या रविवारचं दुसरं काही ठरवून ठेवू नका.